भाताचा वास सुटेपर्यंत

१

लालबागच्या त्या चाळीत राधाची खोली पहिल्या माळ्यावर, रस्त्याच्या अंगाला होती. एरवी तिला त्याचा केवढा तोरा! गणपतीत अख्खा माळा तिच्या खिडकीशी लोटायचा, आणि कुणाला पुढं उभं करायचं, कुणाला मागं, हे राधा मामलेदारणीच्या थाटात ठरवायची. छप्पन सालच्या जानेवारीत मात्र तिला वाटलं, याच्यापेक्षा संडासाशेजारची खोली परवडली. मुंबई महाराष्ट्रातच राहिली पाहिजे म्हणून माणसं रस्त्यावर उतरली होती. त्यांच्यामागून बंदुका घेऊन पोलीस उतरले होते. गिरण्या बंद होत्या. आणि करफ्यूच्या पहिल्याच दुपारी, राधा सुपात तांदूळ निवडत बसली असताना, खिडकीच्या बंद झडपेला भोक पाडून एक गोळी आत आली.

लागली कुणाला नाही. राधाच्या डोक्यावरून गेली आणि समोरच्या भिंतीत, वर तुळईजवळ रुतली. राधाचा नवरा रामदास गिरणीत साच्यावर कापड विणायचा. त्यानं स्टुलावर चढून पेचकसानं ती उकरून काढली आणि लग्नातला दागिना दाखवावा तशी माळाभर फिरवली. चाळ येऊन भोक बघून गेली. शेजारच्या जाईबाईनं त्यात बोट घालून पाहिलं.

"हातभर खाली आली असती तर, गो बाय?" ती म्हणाली.

"तर सूप फुटलं असतं," राधा म्हणाली. सगळे हसले. हसण्यावारी न्यायचं, नाही तर काय करायचं! रात्रभर मात्र राधा त्या भोकाकडं बघत जागी राहिली आणि ते कुणी पाहिलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गाडीवर भोंगा लावून सांगितलं की रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवा, खिडकी उघडी दिसली तर गोळी झाडू. वरून दगड येत होते ना! राधानं झडपा घट्ट लावल्या. अश्रुधूर नको म्हणून गॅलरीकडचं दारही लोटून घेतलं. भर दुपारी खोलीत काळोख झाला. शेगडीवर भाताचं टोप तेवढं रटरटत होतं.

"आये!" आठ वर्षांची मालन ओरडली. "भिंतीवर रस्ता!"

आणि खरंच रस्ता होता. गोळीच्या भोकातून उजेडाची एक तिरीप आत आली होती, आणि दाराशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर समोरची इमारत, विजेचा खांब, वाण्याचं बंद दुकान, सगळं रंगांसकट उमटलं होतं. फक्त उलटं. रस्ता वर छताशी, आभाळ खाली लादीशी. एक कुत्रा छताला पाय लावून तुरुतुरु चालत गेला आणि मालन टाळ्या पिटायला लागली.

तिसऱ्या खोलीतले गंगाधर मास्तर म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायचे. ते आले आणि पोरापेक्षा पोर झाले.

"राधाबाई, यात चमत्कार काही नाही बरं का. उजेड सरळ रेषेत जातो. एवढ्याशा भोकातून शिरताना वरचा खाली जातो, खालचा वर येतो. कॅमेऱ्यात हेच असतं. पोरांना बघू द्या, विज्ञान आहे!"

विज्ञान असेल नाहीतर नाटक असेल, पोरं गप्प बसली याचंच राधाला कौतुक. दोन दिवस कोंडलेली सात-आठ पोरं तिच्या लादीवर मांडीला मांडी लावून बसली आणि कुणी चूं केलं नाही. पण संध्याकाळी भिंत मावळली तरी मालन उठेना. ताट वाढलं तरी उठेना. परकर ओला झाला तरी उठली नाही, तेव्हा राधाला ते खटकलं.

तिनं जुन्या लुगड्याची चिंधी घेतली, घट्ट बोळा वळला आणि भोकात घातला.

"हे बघ, मालू. दिवसातनं एकदा. दुपारी मी भात चढवला की बोळा काढायचा. भाताचा वास सुटला की बोळा आत. त्याच्यावर एक घटका नाही. कबूल?"

मालननं बराच वेळ विचार केला. पोरगी हट्टी होती, पण एकदा हो म्हटलं की सुळावर चढवलं तरी शब्द मोडायची नाही.

"कबूल," ती म्हणाली.

३

तिसऱ्या दुपारी भात चढला, बोळा निघाला, पोरं बसली. रस्ता रिकामा होता. मग बाजूच्या गल्लीतून एक माणूस धावत बाहेर आला. त्याच्यामागून चार पोलीस आले.

भिंतीवर ते पाचही जण छताला टांगल्यासारखे दिसत होते. माणूस पडला तो वर पडला. लाठ्या खालून वर जात होत्या. आणि पोरं हसली! जाईबाईचा पाच वर्षांचा नातू लवू तर पोट धरून लोळला. चित्र समोर होतं आणि आवाज मागून, खिडकीतून येत होता. मसाल्याच्या डंकात मिरची कुटतात तसा तो आवाज होता, एकसारखा, घाई नसलेला. आधी माणूस ओरडत होता. मग ओरडणं थांबलं आणि कुटणं चालूच राहिलं.

राधा उठली आणि तिनं बोळा भोकात कोंबला.

"वास नाही सुटला अजून!" मालन किंचाळली आणि आईच्या अंगावर धावून गेली. तिनं राधाच्या मनगटाला दात लावले. राधानं झटकलं, सुटेना. मग दुसऱ्या हातानं तिनं पोरीच्या कानाखाली अशी मारली की पोरगी फडताळावर जाऊन आदळली. मनगटातून रक्त आलं होतं. दातांची अख्खी ओळ उठली होती.

मालन रडली नाही. गाल धरून शांतपणे म्हणाली, "मी नियमानं बसले होते. तू मोडलास."

पोरगी खरंच नियमानं बसली होती. आपण केवढ्या जोरात मारलं, याचं तिला मोरीत जाऊन रडू आलं. संध्याकाळी तिनं रामदासला सगळं सांगितलं आणि ते भोक पत्रा ठोकून बंद करा म्हणाली.

"कशाला?" रामदास म्हणाला. त्याचं रक्त त्या दिवसांत सतत उकळत असे. "बघू दे की! बाहेर काय चाललंय ते पोरांना कळायला नको? उद्या हीच पोरं लढणार."

"ती हसत होती हो."

"उलटं दिसतं म्हणून हसत होती. तू पण ना, राधा, राईचा पर्वत करतेस."

राधानं पत्र्याचा नाद सोडला. नियम मात्र तिनं मनाशी आणखी घट्ट केला. यापुढं आपण मोडायचा नाही आणि तिलाही मोडू द्यायचा नाही.

४

चौथ्या दुपारी मालन एकटीच बसली होती. राधा कांदा चिरत होती.

"आये, तो माणूस सरळ कसा गं?"

"कोण माणूस?"

"तो काय. खाली."

राधानं पाहिलं. रस्ता वर होता, रिकामा, उलटा. इमारत उलटी. खाली, जिथं आभाळाचा निळा पट्टा लादीला टेकला होता, तिथं वीतभर उंचीची एक काळी आकृती होती. डोकं वर, पाय खाली, तुमच्याआमच्यासारखी. एक हात उगारलेला. हातात दगड होता की दंडुका, की नुसतंच बोट रोखलेलं, ते कळत नव्हतं. पोलीस होता की आपल्यातलाच कुणी, तेही कळत नव्हतं. चेहऱ्याच्या जागी भिंतीचा पोपडा होता.

पोपडाच असेल, राधाला वाटलं. ओल आली असेल. ती उठून जवळ गेली, तर तिची सावली पडून चित्रच झाकलं. बाजूला झाली, तर तो होता. तिनं झडपेच्या फटीला डोळा लावला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वळून पाहिलं, तर त्याचे दोन्ही पाय थेट तिच्या लादीला लागले होते.

तेवढ्यात भाताचा वास सुटला. मालन न सांगता उठली आणि तिनं बोळा लावला. एवढी शहाण्यासारखी उठली, की राधाला ते त्या माणसापेक्षाही जास्त खटकलं.

गॅलरीत मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. राधानं आडून विचारलं, "मास्तर, त्या चित्रात सगळे उलटे. एखादा सरळ दिसू शकतो का हो?"

"शक्यच नाही!" मास्तर खूश होऊन म्हणाले. "सरळ दिसायचा तर तो रस्त्यावर डोकं खाली, पाय वर करून चालला पाहिजे." मग त्यांनी जरा डोकं खाजवलं. "किंवा मग तो रस्त्यावरचा नाहीच. भोकातून आलेलाच नाही. खोलीतच..." ते हसले. "छे! तुमचे डोळे शिणलेत, राधाबाई. झोप नाही ना धड."

झोप नव्हती हे खरंच होतं. राधानं तेच धरून ठेवलं. रात्री अंथरूण घालताना तिनं मालनला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो सरळ माणूस काय करतो गं?"

"शिकवतो."

"काय शिकवतो?"

"नेम," मालन म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

५

पाचव्या दिवशी सकाळी गॅलरीत पोरं गोळीबार-गोळीबार खेळत होती. तेव्हा घरोघर हाच खेळ चालला होता, कुणाला काही वाटत नव्हतं. एक पडायचा, बाकीचे त्याला ओढून न्यायचे. लवू पडला. भिंतीशी डोळे मिटून, हसू दाबत पडून राहिला.

मालन घरात आली आणि खलातला लोखंडी बत्ता घेऊन गेली. राधाला वाटलं, पोरीला बंदूक हवी असेल खेळायला.

आवाज आला तो नारळ फोडल्याचा. मग जाईबाईचा टाहो.

राधा बाहेर धावली तेव्हा मालन बत्ता दोन्ही हातांत धरून उभी होती आणि दुसऱ्यांदा उगारत होती. लवूच्या कपाळाच्या बरोबर मधोमध, कुंकू लावतात तिथं, भोक पडल्यासारखं दिसत होतं आणि रक्त त्याच्या दोन्ही डोळ्यांत भरलं होतं. पोराचे पाय लादीवर तडफडत होते. रामदासनं मालनला केसांना धरून मागं खेचलं आणि मारायला सुरुवात केली. पट्ट्यानं मारलं, पायानं मारलं. पाच माणसांनी त्याला धरलं तेव्हा थांबला. मालन मार खात होती. ती बापाचा उगारलेला हात बघत होती, तो कुठून वर जातो, कुठं खाली येतो, अगदी ध्यान देऊन.

"तुझी पोर राक्षसीण आहे, राधे," जाईबाई म्हणाली. "तिला माझ्या दारावरनं नेऊ नकोस."

राधाला तिचा राग आला नाही. पोरगी आपली आहे आणि आपल्याला तिची भीती वाटते, या दोन गोष्टी एका जिवात कशा मावायच्या, तेच तिला कळेना.

६

त्या दिवशी दुपारी दोन ते चार करफ्यू उठला. तेव्हा कुठं रामदास आणि जाईबाई लवूला फडक्यात गुंडाळून परळच्या इस्पितळाकडं धावले. राधाच्या घरात तांदळाचा दाणा नव्हता. वाणी पुढच्या गल्लीत मागच्या दारानं धान्य देतोय, असं कळलं होतं. पण मालनला ठेवायचं कुणाकडं? सकाळच्या प्रकारानंतर माळ्यावरची सगळी दारं बंद झाली होती. रस्त्यावर न्यायची तर केव्हा काय पेटेल त्याचा नेम नाही.

"इथंच बस. मी अशी जाते नि अशी येते."

मालननं तिच्या पायांना मिठी मारली. "बोळा काढू दे. मग बसते. नाहीतर मी ओरडेन."

राधानं नाही म्हटलं. मालन ओरडली. तो आवाज पोरीचा वाटेना. तळमजल्यावरून कुणीतरी शिवी हासडली. घड्याळ पुढं सरकत होतं, तिकडं वाण्याकडं रांग वाढत होती. मास्तर म्हणाले ना, नुसता उजेड आहे! उजेडानं काय कुणाचं डोकं फुटतं? राधानं स्वतःलाच दटावलं, आणि तिच्या आईनं, आजीनं टंचाईच्या दिवसांत जे केलं होतं तेच केलं. टोपात नुसतं पाणी घेतलं, शेगडीवर चढवलं, वर झाकण घातलं. पाणी रटरटलं की भुकेल्या पोरांना वाटतं भात होतोय आणि ती धीर धरून बसतात.

"भात चढवलाय," ती म्हणाली. "वास सुटेपर्यंतच. मग बोळा. शप्पथ?"

"तुझी शप्पथ," मालन म्हणाली.

राधानं बाहेरून कडी घातली.

वाण्याच्या मागच्या दाराशी तीसेक बायका होत्या. ढकलाढकली, शिव्या, कुणाची तरी वेणी कुणाच्या तरी हातात. चार वाजायला आले तेव्हा राधाचा नंबर लागला. वाण्यानं पोत्यात माप घातलं आणि तांदूळ तिच्या पिशवीत सोडले. कोरड्या तांदळाचा तो भुशासारखा वास नाकात गेला आणि राधा जागच्या जागी थिजली.

टोपात पाणी होतं. पाण्याला वास सुटणार नव्हता. आणि मालन शब्दाची पक्की होती.

ती पिशवी तिथंच टाकून पळाली.

७

कडी जशीच्या तशी होती. रामदास इस्पितळातून नुकताच येऊन दाराशी पोचला होता, सदऱ्याला लवूचं रक्त. "जगेल म्हणतात," तो म्हणाला, आणि राधाचा चेहरा बघून पुढचं विसरला.

दोघं आत शिरली आणि राधानं सवयीनं आतून कडी घातली. काळोख होता आणि जळक्या भांड्याचा वास. पाणी आटून टोप लाल झालं होतं. मालन नव्हती. राधानं खाटेखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, ट्रंकेमागं पाहिलं. दहा बाय बाराच्या खोलीत बघायला आणखी होतं काय!

"ती बघ!" रामदास ओरडला.

भिंतीवर रस्ता होता. करफ्यू पुन्हा लागला होता, चिटपाखरू नव्हतं. आणि खाली, लादीपाशी, मालन उभी होती. फाटक्या परकरात, पट्ट्याच्या वळांसकट. तिच्या मागं तो होता, आता पुरुषभर उंच. त्याचा उगारलेला हात खाली आला होता आणि मालनच्या मानेवर होता. मालनचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज येत नव्हता.

"पोरगी रस्त्यात आहे!" रामदास म्हणाला आणि खिडकीकडं झेपावला.

"रस्त्यात नाहीय!" राधानं त्याचा सदरा धरला. "सरळ आहे ती! अहो, सरळ दिसतेय! उघडू नका!"

पण बापाला ते काय कळणार! आठ वर्षांची पोर भर करफ्यूत रस्त्यावर उभी दिसल्यावर कुठला बाप खिडकी उघडणार नाही? त्यानं राधाला कोपरानं असं ढकललं की ती भुईवर आपटली. डाव्या बाजूची झडप त्यानं धाडकन उघडली. उजेड आत कोसळला. भिंत कोरी पांढरी झाली. राधानं त्या पांढऱ्यावर दोन्ही हात आपटले, नखं रुतवली, पोपडे निघाले.

"मालन! ए मालन!" रामदास उघड्या बाजूनं मान बाहेर काढून ओरडत होता. "कुठायस गं?"

खालून कुणीतरी हुकूम सोडला. मग एकच आवाज झाला. उजवी झडप बंद होती, तिच्या आडोशाला त्याची छाती होती. लाकडाच्या ढलप्या उडाल्या. रामदास मागं आला, राधाच्या पायांशी बसला, म्हणजे बसल्यासारखा कोसळला, आणि त्याच्या तोंडातून बोलण्याऐवजी रक्त आलं. राधानं दोन्ही तळहातांनी छातीवरची जखम दाबून धरली. बोटांच्या फटींतून ऊन ऊन रक्त येत राहिलं. तो तिच्याकडं नाही, भिंतीकडं बघत होता. मग तो बघायचाही थांबला.

रस्त्यावर बुटांचा आवाज झाला. उघडी खिडकी. पुन्हा झाडतील. राधा गुडघ्यांवर रांगत गेली आणि हात वर करून तिनं झडप ओढून घेतली.

काळोख झाला. आता भोकं दोन होती, आणि भिंतीवर रस्तेही दोन, शेजारी शेजारी. जुन्यात कुणीच नव्हतं. नव्या रस्त्याखाली, आभाळाच्या पट्ट्यात, रामदास उभा होता. सरळ. सदरा स्वच्छ. त्याचा हात धरून मालन होती. तो तिसरा त्यांच्यापलीकडं थोडा दूर गेला होता आणि पाठमोरा चालला होता, काम झालेल्या माणसासारखा.

दार कुणीतरी ठोकत होतं. मास्तर हाका मारत होते. राधानं दार उघडलं नाही. दार उघडलं तर उजेड येईल, एवढं तिला कळत होतं. ती भिंतीशी गेली, आपली सावली पडणार नाही अशी अंग चोरून बसली, आणि मालनच्या उंचीला तोंड आणून म्हणाली, "मालू, ये. भात नव्हता गं. मी खोटं बोलले. ये."

बाहेर ऊन कलत होतं. चाळीची सावली रस्ता गिळून समोरच्या इमारतीवर चढत होती, म्हणजे भिंतीवर काळोख वरून खाली उतरत होता. खांब गेला. दुकानाची पाटी गेली. निळा पट्टा तेवढा उरला.

मालननं मान वळवून आईकडं पाहिलं. ओळखलं तिनं, राधाला अगदी नक्की दिसलं. ओठ हलले, पाऊल अर्धं पुढं पडलं.

पण तिनं बापाचा हात काही सोडला नाही.